नाकाची वाट कानाला जाते

आमच्या मागच्या पडवीत, पाणी तापवायच्या बंबाशेजारी, एका खुंटीला पितळेचं नेतीपात्र टांगलेलं असे. 'असे' म्हणतो, कारण गेल्या भाद्रपदापासून ते तिथे नाही. चहाच्या छोट्या किटलीसारखं दिसणारं, लांब तोटीचं हे भांडं मी १९८६ साली घेतलं. रत्नागिरीत तेव्हा पंधरा दिवसांचा एक योगवर्ग भरला होता आणि आमच्या शाळेतले आम्ही चार शिक्षक उत्साहाने त्याला जाऊन बसलो होतो. बाकी तिघांनी आसनं आठवड्यात सोडली, मी महिन्याभरात सोडली. पण जलनेती मात्र धरून ठेवली. खडूच्या धुळीनं माझं नाक बारा महिने चोंदलेलं असायचं; त्याला या कोमट पाण्याच्या धारेनं खरोखरच उतार पडला.

तेव्हापासून नेम ठरून गेला. पहाटे विहिरीचं पाणी काढायचं, बंबातलं गरम पाणी मिसळून ते कोमट करायचं, चिमूटभर सैंधव घालायचं, मान कलती करायची आणि एका नाकपुडीतून घेतलेलं पाणी दुसरीतून सोडायचं. शेवटी एकेक नाकपुडी दाबून जोरजोरात शिंकरायचं, म्हणजे नाक कोरडं होतं. शेजारचे म्हणत, सरांचं नाक वाजलं म्हणजे साडेपाच झाले.

हे इतक्या तपशिलानं सांगतो आहे त्याला कारण आहे. याच नेमापायी माझ्या आठ वर्षांच्या नातीला इस्पितळात रात्र काढावी लागली. म्हणजे, याच नेमापायी असं डॉक्टर म्हणाले नाहीत. ते मी म्हणतो.

नात जन्मली ती रत्नागिरीतच. गुटगुटीत, हसरी. ती आवाजाला वळून पाहत नाही हे आमच्या ध्यानात यायला दिवाळी यावी लागली. अंगणात पोरांनी मोठा बार उडवला, शेजारचं तान्हं मूल किंचाळून रडायला लागलं, आणि आमची बाहुली आईच्या खांद्यावरून पणतीकडे टक लावून शांत बसलेली. सूनबाईनं त्या क्षणी माझ्याकडे पाहिलं. पुढच्या दोन वर्षांतलं सगळं त्या पाहण्यात होतं. तपासण्या झाल्या. साधी श्रवणयंत्रं लावून झाली. उपयोग शून्य. अखेर मुंबईच्या डॉक्टरांनी कॉक्लिअर इम्प्लांट सुचवलं आणि २०२० च्या जानेवारीत शस्त्रक्रिया झाली.

साधं श्रवणयंत्र आवाज मोठा करून कानात सोडतं. पण ऐकण्याच्या पेशीच निकामी असतील तर मोठा केलेला आवाजही बंद दारावरच आपटणार. इम्प्लांट या पेशींना वळसा घालून श्रवणाच्या नसेला थेट विजेचे बारीक संदेश देतं. त्याचा एक भाग बाहेर, कानामागे अडकवलेला असतो. त्यात मायक्रोफोन, बॅटरी आणि आवाजाचं गणित मांडणारा छोटा संगणक. दुसरा भाग कातडीखाली, कवटीच्या हाडावर बसवतात. दोघांना कातडीच्या दोन्ही अंगांनी लोहचुंबक धरून ठेवतो. आतल्या भागातून निघालेली एक नाजूक तार कानामागच्या हाडातून, मग मधल्या कानातून जाते आणि आतल्या कानातल्या शंखाकृती पोकळीत शिरते. वाटाण्याएवढी, अडीच वेढ्यांची ही पोकळी म्हणजे कॉक्लिया.

या वेढ्यांत तार न दुखावता सरकवायची कशी, हा प्रश्न ऑस्ट्रेलियातल्या डॉ. ग्रॅम क्लार्क यांना छळत होता. १९७७ साली सुट्टीत समुद्रकिनाऱ्यावर बसले असताना त्यांनी एक शंख उचलला आणि त्यात गवताची पात सरकवून पाहिली. टोकाला मऊ आणि बुडाकडे ताठ होत जाणारी पात वेढ्यांतून सहज आत गेली. तार तशी बनवायची, हे त्यांना तिथे उमगलं आणि १ ऑगस्ट १९७८ रोजी मेलबर्नमध्ये त्यांनी आपल्या पहिल्या रुग्णाला इम्प्लांट बसवलं. भाट्याच्या वाळूवर असले शंख आम्ही आयुष्यभर तुडवले. त्यात गवत घालून पाहण्याचं काही आम्हाला सुचलं नाही!

आपल्याकडे ही शस्त्रक्रिया रुजवणाऱ्यांत मुंबईचे डॉ. मिलिंद कीर्तने यांचं नाव अग्रभागी आहे. २०१४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. खर्च लाखांच्या घरातला. पण त्याच वर्षी केंद्र सरकारच्या 'ॲडिप' योजनेत कॉक्लिअर इम्प्लांटचा समावेश झाला, एका यंत्रामागे सहा लाखांपर्यंतची तरतूद झाली आणि वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेकडे त्या कामाची सूत्रं आली. त्यामुळे ज्यांच्या घरात एरवी हा विचारही झाला नसता, अशा घरांतली मुलं आज ऐकू लागली आहेत.

यंत्र बसवलं की मूल लगेच ऐकू-बोलू लागतं, अशी पुष्कळांची समजूत असते. आमचीही होती. खरं काम नंतर सुरू होतं. मॅपिंग म्हणजे यंत्राची जुळणी करायला मुंबईच्या खेपा, आणि वाचा-उपचार तर रोजचेच. त्यात शस्त्रक्रियेनंतर दोन महिन्यांतच टाळेबंदी आली. सूनबाईनं मोबाइलच्या पडद्यासमोर बसून, ताट-वाटी वाजवून, कोंबड्या-मांजरांचे आवाज काढून ते वर्ष रेटलं. 'आजोबा' हा शब्द तिच्या तोंडून निघायला चौदा महिने लागले. तेव्हापासून तिनं 'आजोबा' म्हणून काही मागितलं की मला नाही म्हणता येत नाही. दोष आहे, पण आहे.

तर गेल्या वर्षीचे गणपतीचे दिवस. घर पाहुण्यांनी गच्च भरलेलं, बंबाला उसंत नाही, बाहेर पाऊस. नातीला चार दिवसांपासून सर्दी होती. त्या पहाटे ती लवकर उठली आणि माझ्याजवळ येऊन उभी राहिली. या नाकातलं पाणी त्या नाकातून येतं, ही जादू तिनं अनेकदा पाहिलेली. "आजोबा, मी पण!"

मला वाटलं, बरंच झालं. सर्दीवर याहून चांगलं काय? विहीर पावसानं वर आली होती, पाणी किंचित गढूळ होतं. मी ते फडक्यानं गाळलं, बंबातलं पाणी मिसळून बोटानं कोमट आहे ना पाहिलं, मीठ घातलं आणि तिला ओणवी केली. तिनं माझ्यापेक्षाही सफाईनं केलं. मग मी म्हटलं, "आता शिंकर, अजून जोरात." पाहुण्यांतली पोरं टाळ्या पिटत होती, त्यामुळे ती पुन्हा पुन्हा शिंकरत राहिली. तिची आई स्वयंपाकघरात मोदकांच्या गडबडीत. तिला विचारावं असं माझ्या मनातही आलं नाही. नाक धुवायला कानाच्या डॉक्टरांची परवानगी कशाला?

तीन दिवसांनी, गौरीजेवणाच्या दिवशी, नातीनं जेवता जेवता कानामागचं यंत्र ओढून काढलं. पुन्हा लावू देईना. कपाळ तापलेलं होतं. थर्मामीटर लावला तर एकशे दोन. इम्प्लांटच्या बाजूच्या कानाला हात लावला की ओरडत होती. मी नेहमीच्या सवयीनं म्हटलं, लसणीचं तेल कोमट करून दोन थेंब सोडू या का? सूनबाई एरवी माझ्याशी आवाज चढवून बोलत नाही. त्या दिवशी बोलली. "बाबा, तिच्या कानात काहीही घालायचं नाही. आणि डॉक्टरकडे आत्ता जायचं, सकाळी नाही." मुंबईहून निघताना तिला बजावलं होतं म्हणे: या कानाचं दुखणं कधी रात्रीवर टाकायचं नाही. मी तेव्हा तिथेच होतो. माझ्या लक्षात फक्त यंत्र पाण्यात पडू द्यायचं नाही एवढंच राहिलं होतं.

आमच्या गावातले कान-नाक-घशाचे डॉक्टर माझेच विद्यार्थी. सणाचा दिवस असूनही त्यांनी दवाखाना उघडला. दुर्बिणीतून कान पाहिला. पडदा लाल, फुगलेला, मागे पू. नातीची मान पुढे वाकवून हनुवटी छातीला टेकते का ते पाहिलं, डोळ्यांवर उजेड टाकून पाहिला, उलटी झाली का विचारलं. मुंबईच्या सर्जनना फोन लावून बोलले आणि मग म्हणाले, "आज रात्र इथेच ठेवू. शिरेतून औषध देऊ. मेनिंजायटिसची लक्षणं आत्ता नाहीत, पण ती येत नाहीत ना यावर मला रात्रभर नजर ठेवायची आहे."

मेनिंजायटिस म्हणजे मेंदूच्या आवरणाचा दाह. कान दुखतो म्हणून आलेल्या पोरीच्या बाबतीत हा शब्द कुठून आला ते मला कळेना. तेव्हा मी त्यांना नेतीचं सांगितलं. ते क्षणभर गप्प बसले, मग म्हणाले, "सर, तुम्ही आम्हाला कानाची आकृती काढायला लावायचात. मधल्या कानातून खाली जाणारी एक नळी असायची बघा. तिचं दुसरं टोक कुठे उघडायचं?"

कुठेच नाही. आकृतीत ती नळी खाली जाऊन कागदावरच तुटायची आणि आम्ही शेजारी लिहायचो, 'घशाकडे'. नाव बरोबर लिहिलं की मी अर्धा गुण देत असे.

ती युस्टेशियन नलिका. सोळाव्या शतकातल्या एका इटालियन शरीरशास्त्रज्ञाच्या नावाची. नाकाच्या अगदी मागे, जिथे नाक संपून घसा सुरू होतो तिथे तिचं तोंड असतं. एसटीनं आंबा घाट चढताना कानाला दडे बसतात आणि आवंढा गिळला की फट् करून मोकळे होतात, ती याच नलिकेची करामत. एरवी ती मिटलेली असते. गिळताना, जांभई देताना क्षणभर उघडते आणि मधल्या कानात हवा जाऊ देते. मोठ्या माणसात ती उतरती आणि लांब, लहान मुलात आखूड आणि जवळजवळ आडवी. म्हणून मुलांची सर्दी कानात चटकन उतरते. नाकात पाणी भरलेलं असताना नाकपुडी दाबून जोरानं शिंकरलं, तर नाकाच्या मागच्या बाजूला दाब वाढतो, आणि तिथलं पाणी, शेंबूड, जंतू या नलिकेतून वर ढकलले जाऊ शकतात. पाण्यापेक्षा माझं ते 'अजून जोरात' जास्त वाईट.

साध्या मुलाचा मधला कान असा पिकला तर चार दिवसांच्या औषधानं बहुधा निभावतं. इम्प्लांट असलेल्या मुलाच्या मधल्या कानातून मात्र ती तार गेलेली असते, आणि जिथून ती आतल्या कानात शिरते तिथे सर्जननी केलेली वाट असते. शस्त्रक्रियेच्या वेळी ती शरीराच्याच पेशीजालाचा बारीक तुकडा भोवती लावून बुजवतात आणि ती भरूनही येते. तरीही निसर्गानं मधल्या आणि आतल्या कानामध्ये जी भिंत घातली आहे, ती तिथे पहिल्याइतकी अभेद्य राहिली असं धरून चालता येत नाही. आतल्या कानाचा संबंध पुढे मेंदूभोवतीच्या द्रवाशी. म्हणजे नाक, नलिका, मधला कान, तार, आतला कान आणि मेंदूचं आवरण, अशी ही सलग वाट. शिवाय काही मुलांच्या आतल्या कानाची घडणच जन्मतः सदोष असते. त्यांना हा धोका इम्प्लांट नसतानाही अधिक.

"जलनेतीनंच झालं असं मी म्हणत नाही," डॉक्टर म्हणाले. "सर्दी आधीच होती. नुसत्या सर्दीनंही कान असाच पिकतो. पण हिला ती करायला मी सांगितली नसती."

ती रात्र काही मी विसरणार नाही. कान दुखत असल्यानं यंत्र लावता येत नव्हतं. म्हणजे साडेपाच वर्षांनी ती पुन्हा त्याच निःशब्दात गेली होती, आणि आता तिला काय गेलं ते कळत होतं. सलाइन लावायला सिस्टर आल्या, त्या काय म्हणतात ते तिला ऐकू येईना. दिवा मालवला की ओठही दिसत नाहीत. सूनबाईनं मोबाइलचा दिवा स्वतःच्या तोंडावर धरून ठेवला, रात्रभर, हात बदलत. दर दोन तासांनी डॉक्टर येऊन मान वाकवून पाहायचे. पहाटे तिनं माझा हात शोधला, मग हात वर नेऊन माझ्या गळ्यावर बोटं टेकवली. अगदी लहानपणी, काही ऐकू येत नव्हतं तेव्हा, ती असंच करायची. गळ्याची थरथर लागली की तिला समजे, आजोबा बोलताहेत. मी काहीतरी बोलत राहिलो. काय बोललो ते आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताप उतरला. पुढे दहा दिवस औषध चाललं. मग आम्ही जनशताब्दीनं मुंबईला जाऊन यंत्र तपासून आणलं. तारेचे सगळे बिंदू शाबूत होते.

घरी आल्यावर मात्र मला स्वस्थ बसवेना. चाळीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या माणसाला हे ठाऊक नसावं? मी वाचायला घेतलं. जे सापडलं त्यातलं महत्त्वाचं म्हणजे २००२ सालचं प्रकरण. त्या वर्षी अमेरिका आणि युरोपात इम्प्लांट असलेल्या रुग्णांना मेनिंजायटिस झाल्याच्या तक्रारी एकामागून एक येऊ लागल्या. अमेरिकेत १९९७ ते २००२ या काळात, वयाची सहा वर्षं पुरी होण्याआधी इम्प्लांट बसवलेल्या ४,२६४ मुलांची पाहणी झाली. २०२ नव्हे, ४० नव्हे, २६ मुलांना हा आजार झालेला आढळला. ऐकायला थोडी वाटतात, हजारांत सहा. पण न्यूमोकॉकस या जंतूमुळे होणाऱ्या मेनिंजायटिसचं प्रमाण त्याच वयाच्या इतर मुलांच्या तुलनेत तीस पटींहून जास्त निघालं. एका विशिष्ट बनावटीच्या इम्प्लांटमध्ये तार जागेवर दाबून बसवण्यासाठी एक छोटी पाचर वापरत, त्या मुलांना धोका सर्वांत अधिक होता. ते इम्प्लांट २००२ मध्येच बाजारातून मागे घेतलं गेलं. आज बसवतात त्या यंत्रांत ती पाचर नसते, हा केवढा तरी दिलासा. पण ज्यांच्या यंत्रात ती नव्हती त्या मुलांतही धोका सर्वसाधारण मुलांपेक्षा अधिकच होता, हेही त्याच पाहणीत दिसलं.

तेव्हापासून जगभर इम्प्लांटच्या आधी न्यूमोकॉकसची लस टोचून घेण्यावर भर आला. शक्यतो शस्त्रक्रियेच्या निदान दोन आठवडे आधी. दोन वर्षांवरच्या मुलांना बाळपणीच्या लशीशिवाय तेवीस उपप्रकारांविरुद्धची दुसरी एक लसही सहसा सुचवली जाते. आपल्या सरकारी लसीकरणात न्यूमोकॉकसची लस २०१७ पासून टप्प्याटप्प्यानं आली आणि २०२१ मध्ये देशभर पोचली. आमच्या नातीच्या तान्हेपणी ती महाराष्ट्रात सरकारी यादीवर नव्हती; शस्त्रक्रियेपूर्वी आम्ही विकत घेऊन दिली होती. मी तिची फाइल काढून बसलो. दुसऱ्या लशीची तारीख डॉक्टरांच्या अक्षरात स्वच्छ लिहिलेली होती: एप्रिल २०२०. त्या एप्रिलमध्ये कोण घराबाहेर पडत होतं? पुढे टाळेबंदी उठली, तारीख फाइलीतच राहिली. ज्यांच्या घरात असं मूल आहे किंवा इम्प्लांट बसवलेलं मोठं माणूस आहे, त्यांनी हा लेख बाजूला ठेवून आधी फाइल उघडावी, अशी माझी विनंती आहे. लेख नंतर वाचला तरी चालेल.

कानाचं झालं. आता पाण्याचं. याचा इम्प्लांटशी संबंध नाही. नाक धुणाऱ्या प्रत्येकाशी आहे.

आमच्या विहिरीचं पाणी आम्ही तीन पिढ्या पितो. ते नाकात घेतल्यानं काय बिघडणार, असंच मी समजत होतो. पण पोटात आम्ल असतं. गिळलेले पुष्कळ जंतू तिथे मरतात. नाकात तसला पहारा नाही. २०११ साली अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात दोन माणसं मेंदूच्या एका दुर्मीळ संसर्गानं दगावली. दोघंही नेतीपात्रात नळाचं साधं पाणी घेऊन नाक धूत असत. त्यांच्या घरच्या पाण्यात नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमिबा सापडला. हा गोड्या, कोमट पाण्यात वाढतो. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात राहत नाही. पाणी प्यायल्यानं त्याची बाधा होत नाही. नाकात वर गेलं तर मात्र वासाच्या नसेवाटे तो मेंदूत शिरतो, आणि मग वाचणारे फारच थोडे. आमच्या घरी हे रामायण चाललं होतं त्याच सुमारास केरळात अमिबाजन्य मेंदूज्वराचे रुग्ण सापडत होते आणि तिथल्या सरकारनं विहिरी-टाक्यांत क्लोरीन टाकण्याची मोहीम घेतली होती. केरळ आणि कोकण. तोच पाऊस, तशाच परसातल्या विहिरी. आजार फार विरळा आहे, घाबरून जाण्याजोगा नाही. पण विहिरीचं कच्चं पाणी, त्यात बंबातलं मिसळून केलेलं कोमट... मी जवळजवळ चाळीस वर्षं काय करत होतो ते माझं मलाच नीट दिसलं.

यावरचा उपाय अगदी घरगुती आहे. पाणी खळखळून उकळी फुटल्यावर तीन ते पाच मिनिटं तसंच उकळू द्यायचं, झाकण ठेवून निववायचं, आणि चोवीस तासांच्या आत वापरायचं. निववायला म्हणून त्यात गार पाणी ओतायचं नाही, ही माझ्यासारख्यांसाठी खास सूचना. मीठ लिटरला साधारण नऊ ग्रॅम. भांडं ज्याचं त्यानं वेगळं ठेवायचं, धुऊन पूर्ण वाळवायचं. नाक धुण्याच्या बाटल्या तपासल्या तेव्हा त्यांत जंतूंची वस्ती वारंवार आढळलेली आहे. माझ्या पितळी पात्राची तोटी आतून कधी घासली गेली होती का? बोट जात नाही, ब्रश जात नाही. मी ते उन्हाकडे धरून तोटीतून पाहिलं आणि त्याच दिवशी मोडीत दिलं.

आमच्या सकाळच्या योगमंडळात हा सगळा वृत्तान्त सांगितला, तर दोघे-तिघे नाराज झाले. हजारो वर्षांच्या क्रियेला तुम्ही बोट लावता, असा त्यांचा सूर. मी योगाच्या विरुद्ध नाही. मी अजूनही जलनेती करतो, आणि सायनसच्या, ॲलर्जीच्या रुग्णांना मिठाच्या पाण्यानं नाक धुवायला डॉक्टरच सांगतात. फक्त एक गंमत त्यांना सांगितली. हठप्रदीपिकेत षट्कर्मांत नेती आहे खरी, पण तिथे वर्णन आहे ते सुताच्या दोऱ्याचं. नाकातून घालून तोंडातून काढायचा. पाण्याच्या पात्राचं तिथे नाव नाही. तेव्हा काळानुसार रीत बदलते हे योग्यांनाही मान्य असावं. शिवाय लोणावळ्याला १९२४ साली कैवल्यधाम काढून योगक्रिया प्रयोगशाळेत तपासायला घेणारे स्वामी कुवलयानंद हे आपल्याच मराठी मुलखात काम करून गेले. त्यांचं नाव घ्यायचं आणि पाणी उकळायला मात्र खळखळ करायची, हे काही जुळत नाही. यावर मंडळींतले एकजण म्हणाले, "सर, उकळायला गॅस लागतो." असो.

इम्प्लांट असलेल्यांनी जलनेती करावी की नाही, याचं एकच एक उत्तर मला कुठल्या डॉक्टरांनी दिलं नाही. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही आठवडे नाक जोरानं शिंकरायचंसुद्धा नाही, यावर सगळ्यांचं एकमत. कान दुखत असेल, वाहत असेल किंवा नाक पुरतं चोंदलेलं असेल तेव्हा धार सोडायची नाही, यावरही. एरवी ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्या सर्जनना विचारावं, कारण आतला कान कसा आहे, वाट कशी बुजवली आहे, ते त्यांनाच ठाऊक. आमच्या नातीला सर्दी झाली की तयार सलाइनचे थेंब घालायचे आणि नाक हलकेच, दोन्ही नाकपुड्या मोकळ्या ठेवून पुसायचं, एवढंच सांगितलं आहे. ताप, कानामागे सूज, उलट्या, मान ताठ, उजेड नकोसा, झोकांड्या किंवा गुंगी, यांतलं काहीही दिसलं तर घड्याळ न बघता निघायचं. हे सूनबाईनं एका कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवलं आहे. खाली तिनं आणखी एक ओळ घातली आहे: 'आजोबांनी काहीही करण्यापूर्वी विचारावे.' मी ती रोज वाचतो.

राहिलेली लस दिवाळीनंतर टोचून झाली. दंड दोन दिवस दुखला. त्याबद्दल नातीनं माझ्याकडून शहाळं वसूल केलं.

आता पहाटे मी स्वयंपाकघरात स्टीलच्या पातेल्यात पाणी ठेवतो आणि ओटीवर येऊन बसतो. वयोमानानं माझे कान हल्ली मंद झाले आहेत. पातेल्यावरचं झाकण थडथडायला लागलं तरी मला पत्ता नसतो. नात उठून यंत्र लावून बाहेर येते आणि सांगते, "आजोबा, पाणी उकळलं." मी उठायला लागलो की म्हणते, "बसा अजून. पाच मिनिटं झाली नाहीत."